अठरा सत्रे

तंत्रज्ञाने माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूवर, दोन कड्या शेजारी शेजारी जोडाव्यात तशी दिसणारी चुंबकीय कॉइल टेकवली, "आता टक् असा आवाज येईल" असे सांगितले, आणि पुढच्याच क्षणी मांडीवर निपचित पडलेल्या माझ्या उजव्या हाताचा अंगठा किंचित उडाला. तो मी हलवला नव्हता. पक्षाघाताला साडेतीन महिने झाले होते आणि एवढ्या काळात एकटा अंगठा हलवायचे मी ठरवले की एक तर काहीच घडत नसे, नाही तर संपूर्ण मूठ आवळली जाई आणि कोपर अंगाशी ओढले जाई. अंगठा इतर बोटांपासून वेगळा, आपला आपण हललेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. समोरच्या पडद्यावर एक सरळ रेघ धावत होती आणि त्या रेघेवर एक लहानशी लाट उमटून गेली होती. तंत्रज्ञाने तिच्याकडे बोट दाखवून सांगितले, "ही तुमची. वाट पूर्ण बंद झालेली नाही."

मेंदूच्या दुरुस्तीविषयीच्या एका संशोधनात सहभागी होण्यासाठी माझी जी पूर्वतपासणी झाली, तिच्यातला हा प्रसंग आहे. पुढचे सहा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, अशी अठरा सत्रे मी पूर्ण केली. त्या काळात जे पाहिले, समजून घेतले आणि काही बाबतींत चुकीचे समजले, ते शक्य तितके नेमकेपणाने लिहून ठेवावे असे वाटले. आपल्याकडे किंवा आपल्या घरात कुणाला पक्षाघात झाला की 'मेंदू पुन्हा तयार होतो का' हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो, आणि त्याचे उत्तर देणाऱ्यांत खरे बोलणारे फार थोडे भेटतात, असा माझा अनुभव आहे.

माझा पक्षाघात झोपेत झाला. सकाळी उठताना उजवा पाय जमिनीवर टेकवायला गेले तो टेकलाच नाही, जीभ जड झाली आणि उजव्या हाताने पांघरूण दूर करता येईना. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. माझी लक्षणे नेमकी केव्हा सुरू झाली हे कुणालाच सांगता येत नसल्याने डॉक्टरांनी ते न देण्याचा निर्णय घेतला. एमआरआयमध्ये दिसले की डाव्या मेंदूच्या आतल्या भागात, ज्याला इंटर्नल कॅप्सूल म्हणतात तिथे, एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती. मेंदूच्या पृष्ठभागाकडून हातापायांकडे जाणाऱ्या असंख्य तंतूंची जुडी तिथे अतिशय अरुंद जागेतून खाली उतरते. त्यामुळे जखम पंधरा मिलिमीटरपेक्षाही लहान असली तरी तिच्यामुळे अर्धे अंग निकामी होऊ शकते. तीन महिन्यांनी केलेल्या दुसऱ्या एमआरआयमध्ये त्या जागी पाण्याने भरलेला खड्डा दिसत होता. मी डॉक्टरांना विचारले, "हा खड्डा कधी भरून येईल?" त्यांनी उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला. "तो भरून येणार नाही. जे सुधारेल ते त्याच्या आजूबाजूने सुधारेल," असे ते म्हणाले. त्या वाक्याने मी त्या दिवशी खचले होते. पुढे ज्या संशोधनात मी शिरले त्याचा सगळा अर्थ याच वाक्यात होता, हे मला हळूहळू कळले.

त्याआधी एक वळण घडता घडता राहिले, त्याविषयी सांगणे मला आवश्यक वाटते. एका परिचिताने मोठ्या आस्थेने एका खासगी केंद्राची माहिती आणली. तिथे पाठीच्या कण्यातून मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा पेशी, टोचून मेंदू 'पुन्हा वाढवून' देतात, असे त्यांचे सांगणे होते. फोनवर बोललेल्या गृहस्थांनी पहिल्याच संभाषणात हात पूर्ववत होईल अशी खात्री दिली. कोणत्या पेशी, कुठून घेतलेल्या, त्या आत गेल्यावर कशात रूपांतरित होतात, या प्रश्नांना मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हते. माझ्या मुलीने त्या आठवड्यात बरेच वाचन केले आणि एक नोंद मला वाचून दाखवली. पक्षाघातातून सुटका व्हावी म्हणून वेगवेगळ्या देशांतल्या केंद्रांमध्ये मूलपेशींची इंजेक्शने घेतलेल्या एका रुग्णाच्या पाठीच्या कण्यात गाठ वाढली आणि तपासात त्या गाठीतल्या पेशी त्याच्या स्वतःच्या नव्हत्या, असे आढळले. हा वृत्तांत 2016 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला आहे. आम्ही त्या केंद्राला पुन्हा फोन केला नाही. मूलपेशींचे संशोधन खोटे आहे असा याचा अर्थ मुळीच नाही, त्याविषयी पुढे लिहिणारच आहे. पण संशोधन करणारा माणूस आधी अनिश्चितता सांगतो आणि विकणारा माणूस आधी खात्री देतो, हा फरक मला तेव्हापासून ओळखता येऊ लागला.

ज्या अभ्यासात मी सहभागी झाले त्याच्या संमतीपत्रकात अनिश्चितता पहिल्याच पानावर होती. कल्पना अशी होती : मेंदूचे दोन गोलार्ध एकमेकांना सतत आवरून धरत असतात. पक्षाघाताने एक बाजू दुबळी झाली की निरोगी बाजू तिला प्रमाणाबाहेर दाबून टाकते, असे अनेक संशोधकांचे मत होते. तेव्हा निरोगी बाजूवर चुंबकीय लहरींचे मंद, सेकंदाला एक असे ठोके देऊन तिला थोडे शांत केले आणि लगेच दुबळ्या हाताकडून कसून व्यायाम करून घेतला, तर जखमी बाजूला डोके वर काढायला वाव मिळेल का, हा प्रश्न होता. डोक्याला छिद्र न पाडता चुंबकाने मेंदू उद्दीपित करण्याचे हे तंत्र 1985 मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. कॉइलमधून विजेचा क्षणिक प्रवाह गेला की चुंबकीय क्षेत्र तयार होते, ते कवटीतून विनासायास आत जाते आणि मेंदूच्या पृष्ठभागावरील पेशींमध्ये सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करते. हाताचे नियंत्रण करणाऱ्या जागेवर नेमका ठोका बसला की स्नायू उडतो आणि हातावर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून त्याची लाट पडद्यावर उमटते. माझा अंगठा उडाला तो असा.

संमतीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर लिहिले होते की काही सहभागींना खरी कॉइल लावली जाईल आणि काहींना शॅम, म्हणजे बनावट कॉइल लावली जाईल. ती दिसायला तशीच असेल, तसाच आवाज करेल, डोक्यावर तसाच हलका टकटकीचा स्पर्श होईल, परंतु मेंदूपर्यंत काहीही पोहोचणार नाही. कोण कोणत्या गटात जाईल हे संगणक ठरवणार होता आणि ते मला कळणार नव्हते, माझ्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या थेरपिस्टनाही कळणार नव्हते आणि माझी मोजमापे घेणाऱ्या व्यक्तीलाही नाही. हे वाचून माझ्या पतींनी कागद मिटला. "दीड-दोन तासांचा प्रवास करून खोटे यंत्र डोक्याला लावून घ्यायचे?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. संशोधन समन्वयक बाईंनी तो टाळला नाही. त्या म्हणाल्या, "पक्षाघातानंतर पहिल्या काही महिन्यांत हात थोडाफार आपोआपही सुधारतो. व्यायामाने सुधारतो. कुणी रोज लक्षपूर्वक आपल्याकडे पाहते आहे, एवढ्यानेही माणूस जास्त प्रयत्न करतो. यातून यंत्राचा वाटा वेगळा काढायचा तर दुसरा मार्ग नाही." मी सही केली. उजवा हात पेन धरत नसल्याने ती डाव्या हाताने केली आणि तसे साक्षीदाराच्या स्वाक्षरीसह नमूद केले गेले.

पहिल्या दिवशी मोजमापे घेतली. फ्युगल-मायर नावाची चाचणी 1975 पासून वापरात आहे. हातासाठी तिचे 66 गुण असतात. खांदा उचला, कोपर सरळ करा, मनगट मागे वळवा, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कागद धरून ठेवा, अशा प्रत्येक हालचालीला शून्य, एक किंवा दोन गुण दिले जातात. मला 31 मिळाले. नंतर नऊ भोकांची एक पाटी समोर ठेवली. शेजारच्या खळग्यातून लाकडी खुंट्या एकेक उचलून भोकांत बसवायच्या आणि परत काढायच्या. डाव्या हाताने मी ते सहज केले. उजव्या हाताने पहिली खुंटी चिमटीत येईपर्यंत ती चार वेळा निसटली, पाचव्या वेळी उचलली गेली आणि भोकाच्या काठावर टेकून आडवी झाली. ठरलेली वेळ संपली तेव्हा पाटीवर एकही खुंटी नव्हती. घड्याळ थांबवणाऱ्या तरुणीने काहीही न बोलता खुंट्या गोळा केल्या, याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे. त्या क्षणी सांत्वन सोसले नसते.

सत्रांचा क्रम ठरलेला होता. कानात बोळे घालायचे, खुर्चीच्या टेकूवर डोके स्थिर ठेवायचे, उजव्या कवटीवर, म्हणजे माझ्या निरोगी बाजूवर कॉइल येई आणि पंधरा मिनिटे सेकंदाला एक टक्, असे चाले. त्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही. खरे काम त्यानंतरच्या तासाभरात होई.

त्या तासात एकच हालचाल किती वेळा करावी लागते, याची मला कल्पना नव्हती. रुग्णालयातल्या फिजिओथेरपीत आम्ही अर्धा तास काहीबाही करत असू आणि मला ते पुष्कळ वाटे. थेरपिस्टनी एकदा मला सांगितले की संशोधक कॅथरीन लँग यांच्या गटाने 2009 मध्ये शेकडो नेहमीच्या उपचार-सत्रांचे निरीक्षण केले, तेव्हा हाताच्या उपयुक्त हालचाली एका सत्रात सरासरी फक्त 32 भरल्या, तर ज्या प्राण्यांच्या प्रयोगांमधून मेंदूची पुनर्रचना सिद्ध झाली त्यांत त्या शेकड्यांनी असतात. रँडॉल्फ नूडो यांनी 1996 मध्ये माकडांवर केलेले प्रयोग या क्षेत्रात वारंवार सांगितले जातात. माकडांच्या मेंदूतील हाताच्या भागात लहानशी इजा केल्यावर, ज्या माकडांकडून काही करवून घेतले नाही त्यांच्यात इजेला लागून असलेला, प्रत्यक्षात धडधाकट असा हाताचा भागही आक्रसत गेला. ज्यांच्याकडून लहान खळग्यातून खाद्याचे कण बोटांनी काढण्याचा सराव पुन्हा पुन्हा करवून घेतला, त्यांच्यात तो टिकला आणि काहींमध्ये कोपर-खांद्याच्या भागातही पसरला. हे ऐकल्यावर 'आजूबाजूने सुधारेल' या डॉक्टरांच्या शब्दांना माझ्या मनात पहिल्यांदा आकार आला. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. उरलेल्या पेशी शेजाऱ्याचे काम शिकतात, आणि शिकवले नाही तर स्वतःचेही विसरतात.

घरी मला निरोगी डाव्या हातावर जाड मिटन, म्हणजे बोटे एकत्र झाकणारा हातमोजा, घालून काही तास वावरायला सांगितले होते. उजवा हात वापरून पाहावा आणि अपयश यावे, डाव्याने काम भागावे, असे महिनोन् महिने होत राहिले की मेंदू उजव्या हाताला मोजेनासाच होतो. संशोधक एडवर्ड टॉब यांनी याला शिकलेला न-वापर म्हटले आणि निरोगी हात बांधून ठेवण्याच्या उपचारपद्धतीचा पाया घातला. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 222 रुग्णांच्या चाचणीत, पक्षाघातानंतर तीन ते नऊ महिन्यांच्या काळात केवळ दोन आठवडे ही पद्धत वापरूनही झालेली सुधारणा वर्षभरानंतर टिकून होती. कागदावर हे फार सुटसुटीत वाटते. प्रत्यक्षात दोन हातांचा माणूस घरातल्या घरात असहाय होतो. सदऱ्याचे एक बटण उजव्या हाताने लावायला मला पहिल्यांदा एकोणीस मिनिटे लागली. बटण काज्यापर्यंत जाई, तर्जनी ते आत ढकलू पाही आणि नेमक्या त्या वेळी करंगळीसकट सगळी बोटे मिटून कापड चुरगळून टाकत. मुलगी दारात उभी होती. तिला हात पुढे करू नकोस असे बजावलेले होते आणि तिने तो केला नाही, पण ती रडत होती. चौथ्या आठवड्यात तेच बटण दोन मिनिटांत लागले. मला त्यात सर्वांत जाणवले ते हे की बोटांत जोर आला नव्हता. करंगळी गप्प राहायला शिकली होती.

वेळेचा मुद्दा मला फार छळत असे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 72 रुग्णांच्या एका अभ्यासात, नेहमीच्या उपचारांखेरीज वीस तासांचा जादा सराव वेगवेगळ्या टप्प्यांवर दिला गेला. पक्षाघातानंतर दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान ज्यांना तो मिळाला त्यांचा हात सर्वाधिक सुधारला. सहा महिन्यांनंतर मिळालेल्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. माझा तो काळ सरून गेला होता. पहिल्या दोन महिन्यांत कुणी मला दिवसाला तीनशे वेळा पेला उचलायला लावले असते तर, हा विचार अनेक रात्री मला झोपू देत नसे. मग थेरपिस्टनी दुसरी बाजू दाखवली. अगदी पहिल्या चोवीस तासांत रुग्णाला वारंवार उठवून चालवल्याने फायदा होतो का, हे 2104 रुग्णांवर तपासले गेले होते आणि 2015 मध्ये निष्कर्ष असा आला की तीन महिन्यांनी त्यांची स्थिती नेहमीच्या शुश्रूषेतल्या रुग्णांपेक्षा वाईट होती. लवकर म्हणजे चांगले आणि जास्त म्हणजे अधिक चांगले, असे सरळ गणित इथे नाही. लँग यांच्याच गटाने 2016 मध्ये जुन्या पक्षाघाताच्या 85 रुग्णांवर हालचालींची एकूण संख्या हजारोंपर्यंत वाढवून पाहिली तेव्हा, जास्त हालचाली करणाऱ्यांना जास्त फायदा झाला असे दिसले नाही. हे मला कुणी सत्रे सुरू असताना सांगितले नसते तर बरे झाले असते, असे तेव्हा वाटले होते. आज वाटत नाही.

प्रतीक्षागृहात पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे, एक वृद्ध गृहस्थ नियमित भेटत. ते दुसऱ्या अभ्यासासाठी येत. पार्किन्सन्समध्ये डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या ठरावीक पेशी मरतात, त्यामुळे तिथे नव्या पेशी रोवण्याची कल्पना पक्षाघातापेक्षा पुष्कळ सोपी आहे, असे ते सांगत आणि त्यांना या विषयाचा इतिहास मुखोद्गत होता. जपानी संशोधक शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या साध्या पेशीला पुन्हा मूलपेशीच्या अवस्थेत नेले, पुढच्या वर्षी मानवी पेशींबाबतही ते साधले आणि 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. 2025 मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत दोन छोट्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. क्योतोमधील चाचणीत सात रुग्णांच्या आणि उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत बारा रुग्णांच्या मेंदूत मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी रोवल्या गेल्या; पेशी तगल्या, डोपामिन बनवू लागल्या आणि त्या पेशींमुळे गंभीर अपाय झालेला दिसला नाही. एवढेच सिद्ध झाले आहे, हे त्या गृहस्थांनी मला दोनदा सांगितले. गर्भातील पेशी वापरून केलेली 2001 ची जुनी चाचणीही त्यांच्याचकडून कळली. तिच्यात चाळीस रुग्ण होते आणि त्यातल्या निम्म्यांच्या कवटीला फक्त छिद्रे पाडून, आत काहीही न घालता ती बुजवली गेली. ते ऐकून माझ्या बनावट कॉइलबद्दलची तक्रार मी कायमची मागे घेतली.

अठरावे सत्र संपल्यावर पुन्हा मोजमापे झाली. 31 चे 40 झाले होते. खुंट्या मात्र नऊही बसल्या, सत्त्याऐंशी सेकंदांत. मला खात्री होती की मी खऱ्या गटात होते. दोन-तीन सत्रांनंतर घरी जाताना हात हलका वाटल्याचे मी वहीत नोंदवूनही ठेवले होते.

अभ्यास बंद झाल्यावर पत्र आले. मी शॅम गटात होते. माझ्या निरोगी बाजूला कुणीही शांत केले नव्हते. पंधरा-पंधरा मिनिटे ऐकलेले ते ठोके म्हणजे फक्त आवाज होता. त्या संध्याकाळी फसवले गेल्यासारखे वाटले, हे मी नाकारत नाही, जरी कागदावर सगळे आधीच लिहिलेले होते. नंतर समन्वयक बाईंशी बोलताना कळले की याच कल्पनेवर आधारलेली, 199 रुग्णांची एक मोठी चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्यात खऱ्या आणि बनावट अशा दोन्ही गटांतल्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचा हात चांगला सुधारला आणि दोन गटांत फरक मात्र दिसला नाही. म्हणजे माझे नऊ गुण कॉइलचे नव्हते. ते त्या तासाभराच्या सरावाचे, मिटनचे, बटणाचे आणि काही अंशी निसर्गाने अजून मिटवत न आणलेल्या मुदतीचे होते. त्यातला कोणाचा वाटा किती, हे माझ्या एकटीच्या हाताकडे पाहून कुणालाही सांगता येणार नाही, म्हणूनच तर इतके लोक लागतात.

एक शंका उरली होती, ती मी विचारली. पूर्वतपासणीच्या दिवशी अंगठा उडाला, तोही खोटा होता का? बाईंनी फाइल उघडून दोन छापील आलेख माझ्यासमोर ठेवले. डाव्या, जखमी बाजूवरची तपासणी सर्वांसाठी खऱ्याच कॉइलने होते, त्याशिवाय मोजणार काय, असे त्या म्हणाल्या. पहिल्या आलेखावरची लाट इतकी बुटकी होती की रेघ जरा थरथरली असावी असे कुणालाही वाटले असते. अठराव्या सत्रानंतरची लाट तिच्या दुपटीहून उंच होती. मी दोन्ही कागद उजव्या हाताने उचलायला गेले. एक हातात आला, एक टेबलावरून घसरला आणि बाईंनी तो उचलून न देता मी वाकण्याची वाट पाहिली.